मुक्तिपथाचे यात्रिक : आचार्य धर्मानंद कोसंबी

मुक्ती हा शब्द आपल्या देशात लहान मुलाच्याही कानावरून गेलेला असतो. तथापि मुक्ती कशापासून मिळवावयाची, ती कोणाला मिळते, आणि मिळाल्यानंतर मागे काय उरते, या तीन प्रश्नांना निरनिराळ्या दर्शनांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. अद्वैत वेदान्ताच्या मते आत्मा नित्यमुक्तच आहे. अज्ञानाचे आवरण दूर झाले की पूर्वीपासून असलेली मुक्ती प्रकट होते. जैन दर्शनाच्या मते जीव अनादि काळापासून कर्मपुद्गलांनी माखलेला असून संयमाने नव्या कर्माचे द्वार बंद करावे व तपाने जुने कर्म झाडून टाकावे, म्हणजे तो आपल्या स्वाभाविक हलकेपणाने लोकाच्या अग्रभागी जाऊन स्थिर होतो. बौद्धांना नित्य असा आत्माच मान्य नाही. तृष्णा विझली की दुःखाचा निरोध होतो, तेच निर्वाण. ख्रिस्ती संतांची दृष्टी पापक्षालनाकडे व ईश्वरी कृपेकडे, तर सूफी साधकांची दृष्टी स्वतःला ईश्वरात विलीन करण्याकडे लागलेली असते.

ही सारी मते एखाद्या ग्रंथात ओळीने वाचावयास मिळतात. परंतु त्यांतील एकाहून अधिक मार्गांची द्वारे स्वतः ठोठावणारा, प्रत्येक ठिकाणी काही काळ राहून तेथील नियम अंगी बाणविणारा, आणि जे पटले तेवढेच घेऊन पुढे चालू लागणारा पुरुष विरळाच. महाराष्ट्रात पाली विद्येचा पाया घालणारे आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी हे अशा विरळ पुरुषांपैकी होते. त्यांची सर्व मते मठाच्या उपासकांना मान्य होतील असे नव्हे. काही तर स्पष्टपणे विरोधी वाटतील. असे असूनही त्यांचे चरित्र मुमुक्षूने वाचण्यासारखे आहे. याचे कारण असे की, मुक्ती ही केवळ मृत्यूनंतरची गोष्ट नसून ती रोजच्या आचरणात उतरली पाहिजे, हे त्यांनी स्वतः किंमत मोजून पाहिले होते. आणि ती किंमत काही अंशी दुसऱ्यांनाही मोजावी लागली, ही गोष्टही त्यांच्या चरित्रात झाकलेली नाही.

जन्मभूमी

दमणगंगेच्या काठचा आपला प्रदेश आणि गोमंतक यांच्यामध्ये अंतर पुष्कळ. पण दीर्घकाळ दोहोंच्या कपाळी एकच राजवट होती. इ. स. १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी नगर हवेलीतील ७२ गावांचा महसूल पोर्तुगीजांना देऊ केला. १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्या हाती गेले. ता. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ या गावी धर्मानंदांचा जन्म झाला, त्या वेळी सांकवाळचा शेतकरी आणि सिल्वासा येथील आदिवासी कूळ हे दोघेही लिस्बनच्या एकाच सिंहासनाचे प्रजाजन होते.

सांकवाळ गावाची एक जुनी कथा त्या प्रदेशातील प्रत्येक घरी ठाऊक असते. तेथील श्रीलक्ष्मीनृसिंहाचे देवालय सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मच्छळात नष्ट झाले आणि भाविकांनी देवाची मूर्ती त्या काळी पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर असलेल्या वेलिंग येथे नेऊन स्थापिली. ज्या गावच्या देवालाही उपासनेच्या स्वातंत्र्यासाठी गाव सोडावे लागले, त्या गावी एका गौड सारस्वत कुटुंबात हा बालक वाढला. घरी नारळीचे कुळागर होते. मुलाची प्रकृती नाजूक, आणि आसपास चांगल्या शिक्षणाची सोय नाही. मराठी लिहिण्यावाचण्यापलीकडे शाळेचा लाभ त्यांना फारसा झाला नाही. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ज्यांच्या पाली ज्ञानाचा आधार घेतला गेला, त्यांच्याजवळ एकाही परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इ. स. १८९१ मध्ये, त्या काळच्या रीतीप्रमाणे कोवळ्या वयात, त्यांचा विवाह लाड घराण्यातील बाळाबाई यांच्याशी झाला. कुळागराची देखरेख, नारळांचा हिशेब, आप्तेष्टांची येजा, असा संसार सुरू झाला. पण चित्त त्यात रमेना. तुकोबांच्या अभंगांनी त्यांना प्रथम धीर दिला. नंतर १८९७ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांच्या 'बालबोध' या मुलांसाठी निघणाऱ्या मासिकात भगवान बुद्धांचे छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले. लहान मुलांसाठी लिहिलेल्या त्या चार पानांनी एकवीस वर्षांच्या तरुणाचे आयुष्य बदलून टाकले. या महापुरुषाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा, त्यासाठी कितीही कष्ट पडोत आणि कोठेही जावे लागो, असा त्यांच्या मनाचा निश्चय झाला.

गृहत्याग आणि भ्रमंती

१८९९ साली त्यांना पहिले अपत्य झाले. कन्येचे नाव माणिक. त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. साधुसंतांच्या चरित्रांत गृहत्यागाचा प्रसंग आला की लेखणी सहज अलंकारांकडे वळते. येथे मात्र एवढेच नमूद केले पाहिजे की, मागे एक तरुण स्त्री आणि काही महिन्यांचे मूल राहिले, आणि पुढची सुमारे सात वर्षे बाळाबाईंना पतीवाचून काढावी लागली. पतीने ज्ञानासाठी सोसलेल्या उपासमारीची हकीगत त्याच्या आत्मचरित्रामुळे सर्वांना कळली. पत्नीने सोसलेल्या काळाची हकीगत तिने लिहून ठेवली नाही. मुक्तीचा विचार करताना हे दुसरे पारडेही डोळ्यांसमोर असावे.

प्रथम ते पुण्यास आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा व प्रार्थना समाजातील मंडळींचा त्यांना आश्रय मिळाला. एकेश्वरी उपासनेची ती शांत, सुधारक पद्धती त्यांनी जवळून पाहिली. परंतु पाली भाषेचे अध्ययन करावयाचे तर आधी संस्कृत पक्के पाहिजे, म्हणून ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. काशीत अन्नछत्रात जेवावे, शास्त्र्यांच्या घरी जाऊन व्याकरणाचे पाठ घ्यावेत, उन्हाळ्याचा दाह आणि थंडीचा कडाका अपुऱ्या वस्त्रांत सोसावा, असा क्रम चालला. ज्या ज्ञानकांडाच्या आधारावर आपले मठ उभे आहेत, त्याच परंपरेच्या गुरुजनांनी त्यांच्या हाती संस्कृताची किल्ली दिली. पुढे ते भिन्न मार्गाने गेले, तरी हे ऋण लहान नव्हते.

१९०२ मध्ये ते पायपीट करीत नेपाळात पोचले. बुद्धाची जन्मभूमी त्या बाजूस, तेव्हा बुद्धाचा धर्मही तेथे जिवंत असेल, अशी त्यांची समजूत होती. काठमांडूत दिसलेल्या धर्माच्या अवस्थेने त्यांची निराशा झाली. तेथून ते बुद्धगयेस आले. तेथे भेटलेल्या एका भिक्षूने त्यांना सिंहलद्वीपास जाण्याचा सल्ला दिला. ज्या देशात बुद्ध जन्मला, फिरला आणि परिनिर्वाण पावला, त्या देशात त्याची वाणी शिकविणारा गुरू नव्हता. ती वाणी शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला.

कोलंबो येथील विद्योदय विद्यालयाचे प्रमुख सुमंगलाचार्य यांनी या परदेशी तरुणाला पदरी घेतले. त्याच वर्षी धर्मानंदांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पाली ग्रंथांच्या अध्ययनात ते बुडून गेले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी तेथील विहारांत अध्ययन व ध्यानाभ्यास केला. मधल्या काळात कुशिनारा, लुंबिनी इत्यादी क्षेत्रांची यात्राही केली. चीवर अंगावर, भिक्षापात्र हाती, आणि रात्रीच्या निवाऱ्याची शाश्वती नाही, अशी ती वर्षे होती. ज्याच्या शोधार्थ निघाले होते, ते त्यांना मिळाले होते. येथेच त्यांचे चरित्र संपले असते, तर एका मराठी तरुणाने परदेशी विहारात आत्मोद्धार करून घेतला, एवढीच नोंद राहिली असती.

चीवराचा त्याग

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यास आले आणि त्यांनी चीवर उतरविले. बाह्यतः हे मागे फिरणे दिसते. घर सोडलेल्या माणसाने पुन्हा गृहस्थाची वस्त्रे नेसावीत, हे आपल्याकडील संन्यासधर्माच्या दृष्टीने पतनच ठरेल. थेरवादी संघाच्या परंपरेत मात्र भिक्षूने रीतसर संघातून बाहेर पडण्यात कलंक मानीत नाहीत. धर्मानंदांचा विचार असा होता की, आपण मिळविलेले ज्ञान आपल्या देशबांधवांपर्यंत पोचले नाही तर ते निष्फळ होय. आणि विहाराच्या मर्यादेत राहून हे कार्य होणार नाही. वंगभंगाच्या चळवळीतून नुकत्याच जन्मलेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात, आणि तसेच कलकत्ता विश्वविद्यालयात, त्यांनी पाली शिकविण्यास आरंभ केला. त्याच सुमारास गोव्यास जाऊन त्यांनी बाळाबाईंची भेट घेतली आणि संसाराची तुटलेली सूत्रे पुन्हा जुळली. पुढे गणितज्ञ व इतिहाससंशोधक म्हणून जगप्रसिद्ध झालेले त्यांचे पुत्र दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी झाला. मनोरमा आणि कमला या दोन कन्या त्यानंतरच्या.

कलकत्त्यास मान होता, वेतन होते. परंतु मराठी भाषकांत हे ज्ञान कोण नेणार, ही रुखरुख त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी त्यांना महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा त्यांनी कलकत्त्याची नोकरी सोडली. बडोद्यास दिलेल्या व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक तयार झाले. मुंबई विश्वविद्यालयाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले, त्यामागे डॉ. भांडारकरांच्या वजनाइतकीच धर्मानंदांची खटपट होती. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. पुढे बौद्ध विद्येत नामांकित झालेले पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले.

विशुद्धीचा मार्ग

धर्मानंदांच्या विद्वत्तेचा मेरुमणी म्हणजे 'विसुद्धिमग्ग'. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी सिंहलद्वीपातील अनुराधपुरी रचलेल्या या ग्रंथात मुक्तिमार्गाचे तीन भाग केले आहेत : शील, समाधी आणि प्रज्ञा. आधी आचरण शुद्ध व्हावे, त्या शुद्ध आचरणाच्या पायावर चित्त स्थिर व्हावे, आणि स्थिर चित्तातच वस्तूंचे खरे स्वरूप उमटावे, हा त्याचा क्रम. आपल्याकडे वेदान्तविचाराच्या अधिकाऱ्यास विवेक, वैराग्य, शमदमादी षट्संपत्ती आणि मुमुक्षुत्व हे साधनचतुष्टय आवश्यक मानिले आहे. पातंजल योगात यमनियम ही पहिली दोन अंगे आहेत, आणि जैनांत व्रतांवाचून पुढचे पाऊल पडत नाही. शिखराविषयी या दर्शनांत तीव्र मतभेद आहेत आणि ते शब्दांच्या कसरतीने मिटविण्यात अर्थ नाही. एक आत्म्याला जाणावयास सांगतो, तर दुसरा आत्मा या कल्पनेचीच पकड सोडावयास सांगतो. परंतु पायथ्याची वाट मात्र सर्वांची जवळजवळ एकच आहे, आणि ती मी व माझे यांचा गळा सोडविण्यापासून सुरू होते.

या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने हाती घेतले होते. १८९९ मध्ये त्यांचा अकाली अंत झाला आणि काम अपुरे राहिले. ते पुरे करण्यासाठी हार्वर्ड येथील प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांना पालीच्या जाणकाराची गरज होती. १९१० मध्ये धर्मानंद प्रथम अमेरिकेस गेले. मुखपृष्ठावर कोणाचे नाव कसे यावे, यावरून लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ मध्ये काम सोडून ते परत आले. तथापि ते पुन्हा गेले, आणि आयुष्यात एकंदर चार वेळा त्यांनी हा प्रवास केला. दुसऱ्या खेपेस माणिक व दामोदर ही दोन मुले त्यांच्यासोबत होती. माणिकने तेथील रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी संपादिली. ज्या कन्येला तान्ही असताना सोडून ते निघाले होते, तिला त्यांनी अशा रीतीने विद्येच्या मार्गावर लावून दिले. 'विसुद्धिमग्गा'ची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती बाहेर पडली ती १९५० मध्ये, धर्मानंदांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. चाळीस वर्षांपूर्वी हाती घेतलेल्या कामाचे फळ डोळ्यांनी पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. आसक्तीच्या क्षयावरील ग्रंथाच्या संपादनात नावाचा वाद निघावा आणि अखेर संपादकास ग्रंथच पाहावयास मिळू नये, यात काही शिकवण असेल तर ती वाचकाने आपल्यापुरती घ्यावी.

देशाचे स्वातंत्र्य

अमेरिकेत त्यांनी ऐश्वर्य पाहिले आणि ते ऐश्वर्य निर्माण करणाऱ्या मजुरांची स्थितीही पाहिली. समाजवादी वाङ्मयाचे वाचन तेथेच झाले. तृष्णा ही केवळ व्यक्तीच्या चित्तात नसते. एका वर्गाची आणि एका राष्ट्राची तृष्णा दुसऱ्या वर्गाला आणि दुसऱ्या राष्ट्राला दास करते, हे त्यांना दिसू लागले. १९२२ मध्ये ते गुजरात विद्यापीठात रुजू झाले. तेथील पुरातत्त्व मंदिरात मुनी जिनविजयजी, पंडित सुखलालजी अशा जैन विद्वानांचा सहवास त्यांना लाभला आणि श्रमणपरंपरेच्या दुसऱ्या शाखेचे ग्रंथ त्यांनी आस्थेने अभ्यासिले. १९२९ मध्ये ते रशियात लेनिनग्राड येथे पाली शिकविण्यास गेले. ईश्वराला व पुरोहितसंस्थेला बाजूस सारून मनुष्याला मुक्त करू पाहणारा तो नवा प्रयोगही त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. समता त्यांना प्रिय होती. पण हिंसेच्या मार्गाने आलेली समता टिकाऊ होईल, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही.

१९३० मध्ये महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. धर्मानंद त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले होते. गोव्याच्या सीमेलगत असलेल्या शिरोडे येथील सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला आणि नंतर विलेपार्ले येथील छावणीत काम करीत असता त्यांना अटक होऊन कारावास घडला. अन्नछत्र, विहार आणि विद्यापीठ यांच्या मालिकेत तुरुंगाचीही भर पडली. बाह्य बंधनात असताना अंतरीचे स्वातंत्र्य कसे टिकवावे हा प्रश्न त्यांनी ग्रंथांत पुष्कळ वेळा वाचला होता; त्याची परीक्षा देण्याची वेळ आता आली.

मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगार व अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या वस्तीत, १९३७ च्या सुमारास त्यांनी 'बहुजनविहार' चालविला. धर्माचे ज्ञान पंडितांच्या वाड्यांत कोंडून राहू नये, हा त्यामागील हेतू होता. 'हिंदी संस्कृती आणि अहिंसा' या १९३५ च्या ग्रंथात त्यांनी पुराणधर्मावर कठोर टीका केली. ती आजही अनेक भाविकांना बोचते, आणि तिच्यातील सर्व विधाने संशोधकांनीही मान्य केलेली नाहीत. जैन साधूंच्या प्राचीन आहाराविषयी त्यांनी आगमग्रंथांचा लावलेला अर्थ जैन समाजात मोठ्या क्षोभास कारण झाला. आपल्याला सत्य दिसले ते बोलताना समोरच्याच्या मनाला होणाऱ्या वेदनेचा हिशेब त्यांनी नेहमीच नीट केला, असे म्हणता येत नाही. पण भीतीने किंवा लाभासाठी त्यांनी एक शब्दही फिरविला नाही, हेही तितकेच खरे.

रोहिणीचे पाणी

१९४० नंतर लगेच प्रसिद्ध झालेला 'भगवान बुद्ध' हा त्यांचा सर्वांत लोकप्रिय ग्रंथ. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले व तो मध्यरात्री कोणास न सांगता निघून गेला, ही सर्वपरिचित कथा धर्मानंदांनी उत्तरकालीन ठरविली. प्राचीन पाली सुत्तांच्या आधारे त्यांनी असे मांडले की, शाक्य आणि कोलिय या शेजारच्या दोन कुलांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होत. शस्त्राने हा प्रश्न सुटणार नाही, एकाने दुसऱ्याला जिंकले तरी वैर संपणार नाही, असे पाहून गौतमाने हिंसारहित जीवनाचा मार्ग शोधण्यासाठी घर सोडले, आणि तेही आईबापांच्या डोळ्यांदेखत, ते रडत असताना. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धचरित्रातही गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्याचा हाच तंटा आला आहे.

हा केवळ इतिहासाचा मुद्दा नव्हे. पहिल्या कथेत मनुष्य स्वतःच्या जरामरणाला भिऊन मुक्ती शोधतो. दुसऱ्या कथेत तो माणसामाणसांतील वैर पाहून व्याकूळ होतो आणि सर्वांना मोकळे करणारी वाट शोधतो. तारुण्यात स्वतःच्या शांतीसाठी घराबाहेर पडलेल्या धर्मानंदांना वृद्धपणी बुद्धाच्या गृहत्यागात लोककल्याणाची प्रेरणा दिसली. चाळीस वर्षांत मुक्तीचा अर्थ त्यांच्यापुरता किती विस्तारला होता, हे या एका गोष्टीवरून कळते.

अखेरच्या वर्षांतील त्यांचा ग्रंथ म्हणजे 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म'. जैनांचे तेविसावे तीर्थंकर भगवान पार्श्वनाथ यांनी अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह हे चार याम सांगितले. धर्मानंदांच्या मते श्रमणपरंपरेचा हाच मूळ झरा असून बुद्ध आणि महावीर या दोघांनीही आपापल्या परीने तो पुढे नेला; पतंजलीच्या योगसूत्रांतील यमही याच कुळातील. आजच्या जगाला याच चार नियमांची गरज आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. व्यक्तीने हिंसा व संग्रह सोडावा आणि राष्ट्राने मात्र दोन्ही करीत राहावे, ही विसंगती त्यांना मान्य नव्हती. समाजवादाला अहिंसेची आणि अहिंसेला अपरिग्रहाची जोड मिळेल तेव्हाच मनुष्यजात बंधमुक्त होईल, हा त्यांच्या आयुष्यभराच्या भ्रमंतीचा निष्कर्ष होता.

देहविसर्जन

मधुमेहादी व्याधींनी शरीर जर्जर झाले होते. आपल्या हातून आता सेवा होत नाही, उलट इतरांकडून ती घ्यावी लागते, हा विचार त्यांना सलत होता. पार्श्वनाथांच्या परंपरेप्रमाणे अन्नत्याग करून देह ठेवावा, असे त्यांनी ठरविले. १९४६ मध्ये उत्तर प्रदेशातील दोहरीघाट येथे त्यांनी उपोषणास आरंभ केला. परंतु गांधीजींनी आग्रह केल्यावरून तो त्यांनी सोडला. स्वतःच्या निश्चयाविषयीही हट्ट धरावयाचा नाही, हा त्यातील संयम लक्षात घेण्यासारखा आहे. पुढे ते सेवाग्रामच्या आश्रमात आले आणि १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी पुन्हा अन्न वर्ज्य केले. सुमारे महिनाभराने, ता. ४ जून १९४७ रोजी, त्यांची प्राणज्योत शांतपणे मावळली. दुसऱ्या दिवशी दिल्लीतील प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांचे आदराने स्मरण केले.

या अंताविषयी परंपरांत एकमत नाही. जैनांची सल्लेखना ठरावीक अवस्थेत व गुरुजनांच्या अनुमतीनेच विहित आहे. वैदिक ग्रंथांत प्रायोपवेशनाचे उल्लेख आहेत. आळंदीस १२९६ मध्ये श्रीज्ञानदेवांनी घेतलेली संजीवन समाधी महाराष्ट्राच्या हृदयात आहे. उलट बौद्ध विनयात देहत्यागास प्रोत्साहन नाही. दुःखाला कंटाळून किंवा निराशेने जीव देणे तर या सर्वच परंपरांनी निषिद्ध मानले आहे. जन्माने सारस्वत, श्रद्धेने बौद्ध आणि कर्माने गांधीजींचा सत्याग्रही असलेल्या या पुरुषाने अखेरचे पाऊल जैन मुनींच्या वाटेवर टाकले. ज्या समाजाशी वाद झाला होता, त्याच समाजाच्या परमपवित्र आचाराचा त्यांनी आश्रय केला. मतभेद आणि आदर ही दोन्ही एकाच अंतःकरणात नांदू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी भारत स्वतंत्र झाला. पण धर्मानंदांची जन्मभूमी पारतंत्र्यातच राहिली. ता. २१ जुलै १९५४ च्या रात्री दादरा आणि ता. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा स्वयंसेवकांच्या पराक्रमाने मुक्त झाले; ता. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला, आणि त्याच वर्षी ता. १९ डिसेंबर रोजी गोमंतकावरील परकीय ध्वज उतरला. ज्या राजवटीत सांकवाळच्या देवाला गाव सोडावे लागले होते, ती राजवट अशा रीतीने भारतभूमीवरून गेली.

परकीयांचे राज्य एका दिवसात जाऊ शकते. लोभ, वैर आणि अहंता यांचे राज्य मात्र कोणा सैन्याला घालविता येत नाही; ते ज्याचे त्यालाच घालवावे लागते. सिल्वासा येथे वारली, कोकणा, धोडिया बांधवांच्या देवस्थानांशेजारी मराठी व गुजराती भाविकांची मंदिरे आहेत आणि जवळच ख्रिस्ती प्रार्थनामंदिराची घंटाही वाजते. अशा गावी आपला मार्ग निष्ठेने चालावा, दुसऱ्याच्या मार्गातील खरे ते आदराने पाहावे, मतभेद असेल तेथे तो निर्वैरपणे सांगावा, आणि आपल्या मुक्तीची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागत नाही ना, हे तपासीत राहावे, एवढा बोध आचार्यांच्या चरित्रातून निश्चित घेता येतो. सांकवाळपासून सेवाग्रामपर्यंत सत्तर वर्षे चाललेल्या त्या यात्रिकाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन असो.